मामांनी सगळ्यांना विचारलं

जगात खरा प्रश्न एकच आहे, आणि तो चारचौघांत विचारायचा नाही असं ठरल्यामुळेच जग अडून बसलं आहे, असं ज्यांचं ठाम मत होतं असे एकच गृहस्थ त्या काळच्या भोर संस्थानात होते, आणि ते नेमके माझ्या बायकोचे मामा निघाले. मामा गुरांचे डॉक्टर. पदवीबिदवी काही नव्हती. तरुणपणी पुण्यात एका गोऱ्या डॉक्टरच्या हाताखाली चार वर्षं काढून ते परत आले होते. पण भोरपासून वेल्ह्याच्या डोंगरापर्यंत कुठं गाय अडली, बैल लंगडला, म्हशीनं वैरण सोडली, की 'डाक्टरास्नी बोलवा' म्हणत, आणि डाक्टर म्हणजे मामा. उंच, किडकिडीत अंगकाठी, डोक्याला सैलसा रुमाल, खांद्याला औषधांची कातडी पिशवी आणि खाली एक तट्टू. त्या तट्टाचे पाय मामांच्या पायांपेक्षा फार लांब नव्हते. पावसाळ्यात धुक्यातून ते दोघं यायचे तेव्हा दुरून बघणाराला सहा पायांचं एकच जनावर डुलत येतंय असं वाटे.

त्यांचा तो एकच प्रश्न असा होता. जनावराला संसार कोणी शिकवत नाही, तरी त्याचं काही अडत नाही. माणसाला तो उपजत येतो, की शिकवावा लागतो? उपजत येत असेल, तर लग्नानंतर चांगली जाणती माणसं एकमेकांना बघून महिनेमहिने भिंतीला का चिकटतात? आणि शिकवावा लागत असेल, तर तो शिकवतो कोण? कारण आईबाप बोलत नाहीत, मास्तर बोलत नाहीत, भटजी बोलतात पण संस्कृतात.

माझी त्यांची पहिली निवांत भेट आमच्या लग्नानंतर महिन्याभरानं झाली. मी भोरला शाळेत मास्तर होतो, पंचवीस वर्षांचा. ही एकवीस वर्षांची, म्हणजे त्या काळच्या मानानं घोडनवरीच. नव्या बिऱ्हाडातला पहिला पाहुणा म्हणून मामा जेवायला आले. आमटीभात झाला, भाजीचं कौतुक झालं, आणि कढीची वाटी तोंडाला लावता लावता मामा म्हणाले, "जावईबापू, बदकाच्या पिल्लाला पोहायला कोण शिकवतं?"

"कोणी नाही," मी म्हणालो.

"आणि तुम्हांला?"

"वडिलांनी नीरेत ढकललं, तेव्हा आलं."

"छान." मामांनी कढी संपवली. "आणि संसार? म्हणजे कुसुमचा नि तुमचा. तो आपोआप आला, की कोणी ढकललं?"

वाढायला आलेली ही दारातूनच नाहीशी झाली आणि आत काहीतरी मोठ्यानं आदळलं. मला ठसका लागला. मामांच्या चेहऱ्यावर मात्र चेष्टेचा लवलेश नव्हता. बैलाची जीभ बाहेर ओढून तपासताना त्यांचा चेहरा जसा असे, तसाच तो होता, निर्मळ आणि जरासा काळजीत. माझी पाठ थोपटत ते म्हणाले, "लाजू नका हो. मी तुमच्याबद्दल विचारतच नाही. मनुष्यजातीबद्दल विचारतोय."

मनुष्यजातीबद्दल त्यांनी कोणाला विचारलं नाही? कीर्तन संपल्यावर बुवांना आरतीच्या ताटाशी गाठलं, बुवा म्हणाले, "त्यावर अभंग नाही." कचेरीतल्या अव्वल कारकुनांना विचारलं, तर ते सवयीनं "लेखी अर्ज करा" म्हणून गेले आणि मग दोन दिवस मामांना टाळत राहिले. न्हाव्यानं तेवढं मनापासून उत्तर दिलं. वस्तरा थांबवून तो म्हणाला, "डाक्टर, माझ्या हितं समदे ह्याच गोष्टी सांगाया येत्यात. इचारणारं गिऱ्हाईक म्हंजी तुमी पयलंच." एकदा तर मामांनी वाचनालयात व्याख्यान लावलं. विषय, 'उपजत काय आणि शिकवलेलं काय'. लोकांना वाटलं गुरांच्या रोगांवर असेल, म्हणून बरेच शेतकरीही आले. मामांनी भोपळ्याच्या वेलापासून सुरुवात केली. भोपळ्याला नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं, मधे भुंगा, हे सगळं ते इतक्या गोडीनं सांगत होते की खिडकीबाहेर उभे असलेले दोघेतिघेही आत येऊन बसले. मग ते पाणी प्यायले, घसा साफ केला आणि म्हणाले, "आता माणसाकडे येऊ." तेवढ्यात अध्यक्ष उठले. "भोपळ्यापर्यंत फार उत्तम झालं," असं म्हणून त्यांनी आभार मानून टाकले. मामा हार हातात घेऊन घरी आले आणि वाटेत तो तट्टाला घातला.

असं असूनही मामांवर कोणी रागावत नसे. त्यांच्या विचारण्यात मुळी चावटपणाच नव्हता. शिवी त्यांच्या तोंडून कोणी ऐकली नाही. गायीम्हशींनासुद्धा ते अहोजाहो करीत. "बसा मावशी, घाबरू नका, मी हात धुतलेत," असं म्हणून ते अडलेल्या म्हशीच्या मागं बसायचे. काम झालं, की लगेच उठायचे नाहीत. गोठ्यातच घोंगडीवर बसून रवंथाकडे बघत राहायचे. त्यांच्याबरोबर मी एकदोनदा डोंगरात हिंडलो आहे. तट्टू आपल्या मर्जीनं चाले, वासरू दिसलं की थांबे, आणि ते थांबलं की मामाही थांबत. वासरू आईच्या कासेला डोकं मारी, पाझर फुटे, खाली गवतावर दव, वर धुक्यात तोरण्याचा नुसता एक काळसर खांदा, आणि मामा ते सगळं तोंड उघडं टाकून असं बघत बसायचे, जणू सृष्टी त्याच सकाळी तयार झालेली आहे आणि त्यांना ती तपासून घ्यायला बोलावलंय. अर्धा अर्धा तास जाई. "तासाभराचं आहे हो ते वासरू," ते हळूच म्हणायचे. "त्याला कोणी सांगितलं, की दूध तिथं असतं?"

त्यांच्या प्रश्नाला पहिला मोठा धक्का आंबवड्याच्या खोंडानं दिला. तिथल्या एका मूलबाळ नसलेल्या म्हाताऱ्या जोडप्यानं आईविना वासरू वाढवलं होतं. गोठा कसला, ओसरीवर म्हाताऱ्याच्या अंथरुणाशेजारीच ते निजे. सकाळी भाकरी, दुपारी ताक, तिन्हीसांजेला म्हातारीच्या हातचा गूळ. खोंड असा देखणा निघाला, की गावानं त्याला वळू म्हणून ठेवायचं ठरवलं. पहिल्या दिवशी गाय समोर आणली. सगळं गाव जमलेलं. खोंडानं गायीकडे पाहिलं, गायीनं खोंडाकडे पाहिलं. मग तो शांतपणे वळला, म्हाताऱ्यापाशी गेला, आणि त्याच्या उपरण्याचं टोक चघळत उभा राहिला. लोक हसून हसून लोळले. म्हातारा रडवेला झाला. मामांनी मात्र माझा दंड घट्ट धरला. "जावईबापू, ह्यालासुद्धा येत नाही! ह्यालासुद्धा कोणी सांगितलं नाही!"

गर्दीत वेल्ह्याच्या वरच्या अंगाचा एक म्हातारा धनगर होता. तो काही हसला नाही. "त्येचं काय चुकलं?" तो म्हणाला. "त्येनं गाय कवा बघितलीया? माझ्या गुरांत सोडा दोन म्हैनं." सोडलं. दोन महिन्यांनी खोंड परत आला तो शिंगं उडवीत आला, आणि पुढं आंबवड्याच्या निम्म्या वासरांच्या कपाळावर त्याचा पांढरा ठिपका दिसायला लागला. मामा त्या धनगराच्या वाड्यावर मुद्दाम चढून गेले आणि त्याला त्यांनी विचारलं, "मग हे उपजत म्हणायचं, की शिकवलेलं?"

म्हाताऱ्यानं तंबाखू मळली, चिमूट तोंडात टाकली आणि मग म्हणाला, "भूक घिऊनच येतंय की समदं, डाक्टर. पर भाकर कुठं ठिवलीया, ते कुनीतरी दावाया लागतं."



आता जे सांगायचं आहे ते पुढच्या वर्षीचं. गणपती उठले होते, शाळेला सुट्टी होती, आणि मामांनी मला वेल्ह्याकडच्या एका वाडीत बरोबर चलायची गळ घातली. तिथं ज्ञानू पैलवानाच्या घरच्या बैलाला खुरकूत लागली होती. ज्ञानू सव्विशीचा, दारातून आत यायचं तर त्याला आडवं व्हावं लागे. पोरवयात बाप गेल्यावर तो भोरला तालमीत वाढला, आणि आता गावी येऊन भाताची खाचरं बघत होता. घरात त्याची आई आणि बायको पारू. पारू तेविशीची, काळीसावळी, पाठीचा कणा ताठ. लग्नाला चार वर्षं झाली होती. मामांनी बैलाचे पाय धुऊन औषध लावलं, आणि चहाची कपबशी हातात देताना ज्ञानूची आई म्हणाली, "डाक्टर, मागशिरात लगीन हाय. तुमी यायाचं बरं का."

"कोणाचं?"

"ज्ञानूचंच की. चार वर्सं वाट बघितली. उपास झालं, नवस झालं, झाडपाला झाला. हिची कूस काय उजवंना. दुसरी बघितलीया, चांगली हाडापेराची हाय."

ओसरीच्या कडेला पारू सुपात नाचणी पाखडत होती. तिचं सूप थांबलं नाही. फक्त वाऱ्यानं कोंडा तिच्याच तोंडावर येत होता, आणि ती तोंड फिरवत नव्हती.

"आणि हिचं काय?" मामांनी विचारलं.

"ऱ्हाईल की हितंच. भाकरी थापंल. आमी काय हाकलून देतूय व्हय?" म्हातारी वाईट नव्हती. तिला वंशाचा दिवा पाहिजे होता, आणि मधे कोणीतरी जळणार हे तिनं जगाच्या रीतीवर सोडून दिलं होतं.

मामांनी चहा तसाच ठेवला. बैलाचे पाय वाहत्या पाण्यात उभे करायला हवेत, असं सांगून ते ज्ञानूला ओढ्यावर घेऊन गेले. मी मागोमाग गेलो. बैल पाण्यात उभा, ज्ञानू त्याची वेसण धरून, आणि मामा काठच्या खडकावर. ओढा खळाळत होता, सगळीकडे तेरडा फुललेला.

"ज्ञानू, एक विचारतो. राग मानू नकोस. बायकोवर मन नाही का तुझं?"

"न्हाई कसं, डाक्टर?" तो एवढा मोठा गडी, पण त्याचा आवाज एकदम लहान झाला. "लई गुणाची हाय ती. आयनं लगीन ठरिवलं तवापास्नं माझ्या घशाखाली घास उतरना."

"मग निजता कुठं?"

"ती उगवतीकडं, म्या मावळतीकडं. मधी घोंगडं."

मामांनी माझ्याकडे पाहिलं, मी बैलाकडे पाहिलं.

"चार वर्षं? मधे घोंगडं?"

"आता कसं सांगू?" ज्ञानूनं वेसणीचा दोर हाताला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. "आमचं वस्ताद म्हनायचं, बाईच्या सावलीला हुबं ऱ्हायाचं न्हाई. लंगोट सुटला का ताकद गेली. माझ्याकडनं हनमंताम्होरं शपथ घितली हुती. पुढं लगीन झालं. आता मला वाटलं, वस्तादच सांगतील, की बाबा आता तुला मुभा हाय. तर त्येनी काय सांगितलंच न्हाई. आन् त्याच साली वारलं वो ते."

"आणि मूल? ते कसं होणार असं वाटलं तुला?"

"देव देतूय म्हनत्यात की समदी."

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. मामाही हसले नाहीत. ते खडकावरून उतरले आणि धोतरासकट ओढ्यातच बसले. कमरेपर्यंत पाणी, पण त्यांना पत्ता नाही. आयुष्यभर ज्या प्रश्नामागं ते हिंडत होते, तो समोर वेसण धरून उभा होता, आणि त्याच्यापायी वरच्या ओसरीवर एक बाई काही अपराध नसताना घरातली जागा गमावून बसणार होती.

मग त्यांनी मला पलीकडे जाऊन बसायला सांगितलं. मी वरच्या बांधावर गेलो. मामा काय बोलले ते मला ठाऊक नाही. तास झाला असेल. लांबून दिसत होतं, की ज्ञानूची मान खाली आहे. एकदा तो चमकून वर बघतो. एकदा दोघांच्या मधे बैल शेपटीनं माश्या वारतोय. धुकं उतरत उतरत ओढ्यापर्यंत आलं, आणि शेवटी मला नुसत्या तीन सावल्या दिसायला लागल्या, एक आडवी, एक उभी, एक पाण्यात बसलेली. वारा फिरला तेव्हा एकच वाक्य कानावर आलं. मामा म्हणत होते, "आणि हे बघ, तिला विचारायचं. गायीनं मान फिरवली तर वळूसुद्धा थांबतो. तू तर माणूस आहेस."

वाडीत परतल्यावर मामांनी त्यांच्या आयुष्यातली पहिली थाप मारली. दिवस थोडे होते, लग्न लांबवायला हवं होतं. जन्मभर नवसाला, अंगाऱ्याला आणि ताइताला हसलेल्या या माणसानं ज्ञानूच्या आईपुढं हात जोडून, खालच्या आवाजात विचारलं, "आजी, गोठ्यात खुरकूत आणि दारात मांडव? आमच्यात तर असं करत नाहीत बाई."

"का वो? काय हुतं?"

मामांनी नुसता सुस्कारा सोडला. पुढचं म्हातारीनं स्वतःच मनात रचलं असावं, कारण तिचा चेहरा उतरला. "मग कवा करावं?"

"हे वर्ष गुरांना निरोगी जाऊ द्यावं. वैशाखात बघू."

परतीच्या वाटेवर मामा तट्टावर बसून गात होते, आणि त्यांना गाता येत नसे. घरी आल्यावर सगळी हकीगत त्यांनी हिला सांगितली. म्हणजे सांगितली मला, पण ती स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून आणि मोठ्यानं. बऱ्याच वेळानं ही बाहेर आली. डोक्यावरचा पदर सारखा करीत म्हणाली, "मामा, तुम्ही त्याला सांगितलंत ते ठीक. तिला कोण सांगणार?"

इतकी वर्षं मामांनी बुवांना विचारलं, कारकुनांना विचारलं, न्हाव्याला, धनगराला, मला विचारलं. पण ह्या प्रश्नात बायकाही असतात हे त्यांना बिचाऱ्यांना आत्ताच कळत होतं. शेवटी हिनंच मार्ग काढला. दसऱ्याचा सोहळा बघायला म्हणून पारूला दोन दिवस आमच्याकडे पाठवा, असा निरोप गेला. ज्ञानू तिला घेऊन आला. येताना तो पुढं आणि ती चार पावलं मागं असं न चालता दोघं शेजारी शेजारी चालत आली, हे हिनं खिडकीतून पाहिलं आणि मला कोपरानं ढोसलं.

दोन दिवस दोघी मागच्या अंगणात धुणं धुवायला, तांदूळ निवडायला बसत. तिसऱ्या दिवशी पारू गेली. त्या संध्याकाळी मामा आले आणि काही न विचारता ओसरीवर बसून राहिले. ही आपणहून म्हणाली, "मामा, तिला काही सांगावं लागलं नाही."

"म्हणजे?"

"तिला ठाऊक होतं. सगळं. लग्नाच्या पहिल्या दिवसापासून."

मामा उभेच राहिले. "मग ती बोलली का नाही? चार वर्षं उपास केले तिनं, झाडपाल्याचे काढे घेतले, सवत येण्यापर्यंत वेळ आली..."

"मीही हेच विचारलं." हिचा आवाज बारीक झाला. "तर म्हणाली, 'वैनी, म्या शेरडं राखल्यात, मला न्हाई ठावं व्हय? पर बाईमानसानं कसं म्हनायचं? म्या बोलले असते, तर त्येनी म्हनलं असतं, हिला हे शिकवलं कुनी?'"

मामा खाली बसले. आमच्या अंगणात पारिजातकाचं झाड होतं. त्याखाली एक मांजर पिल्लाला चाटत होतं. एरवी मामा ते बघत रमले असते. त्या दिवशी त्यांनी मांजराकडे पाहिलंदेखील नाही. उठताना फक्त म्हणाले, "कुसुम, मी विचारत होतो ते अगदीच अर्धं होतं गं."

शिमग्याच्या सुमारास एका सकाळी ज्ञानू आमच्या दारात उभा राहिला. डोक्यावर आंबेमोहोर तांदळाचं पोतं, तेही त्यानं असं आणलं होतं की जणू टोपीच घातली आहे. पोतं उतरवलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मिटलं. मामाही तिथंच होते. "पारू..." तो म्हणाला. "न्हाई म्हंजी... वैनींस्नी सांगा." आणि मामांच्या पायावर डोकं ठेवून, दाराच्या चौकटीला कपाळ आपटून घेऊन तो पळाला. आत जाऊन मी हिला सांगायच्या आधीच ती डोळे पुसत गुळाचा डबा शोधत होती.

वैशाखातल्या लग्नाचं नाव कोणी काढलं नाही. आषाढात पारूला मुलगी झाली. दिवाही नव्हे आणि वंशाचाही नव्हे, पण म्हातारीनं सगळ्या वाडीला पुरणपोळी घातली. तिनं सगळ्यांना सांगितलं, की गोठ्यात खुरकूत असताना मांडव घातला नाही म्हणून देवी पावली. "डाक्टरांनीच सांगितलं हुतं, त्येंना लई कळतं त्यातलं," असंही ती वर म्हणे. मामा पंगतीत बसून मान डोलावीत होते. "खरं आहे आजी, देवीच पावली." मी त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांनी मला डोळा मारला. तो त्यांना नीट मारता येत नसल्यामुळे दोन्ही डोळे मिटले गेले.

त्याआधी चैत्रात आंबवड्याच्या जत्रेत एक गोष्ट झाली, ती सांगायची राहिली. पारूला दिवस गेलेले, आणि ज्ञानू कुस्तीला उतरला. त्याच्या मनात धाकधूक होती. वस्तादांचं बोलणं डोक्यातून काही गेलं नव्हतं. समोरचा जोडीदार साताऱ्याकडचा, नावाजलेला. पहिली काही मिनिटं ज्ञानू बिचकत होता. मग त्यानं असा काही डाव टाकला, की समोरच्याची पाठ मातीला लागली तरी त्याला कळायला वेळ लागला. मामा फडाच्या कडेला नाचत होते. रुमाल सुटून गळ्यात आलेला, हातवारे चाललेले. "गेली का ताकद? बघा! कुठं गेली?" असं ते अनोळखी माणसांना दंड धरधरून विचारत होते. लोकांना वाटलं, डाक्टरांना ऊन लागलं.

त्यानंतर मामांनी लोकांना विचारणं हळूहळू बंद केलं. उलट लोकच त्यांच्याकडे यायला लागले. बैलाचं निमित्त काढून, म्हशीचं निमित्त काढून, डोंगरातले नवे नवरे मामांच्या घरच्या दवाखान्याच्या मागच्या दारानं यायचे आणि टोपी फिरवत उभे राहायचे. मामा आधी म्हशीबद्दल सगळं ऐकून घेत, मग म्हणत, "बरं, आता बस." आणि जाताना प्रत्येकाला बजावत, की घरी जाऊन आधी तिला बोलू दे. बायका आमच्या हिच्याकडे यायच्या. दुपारी मी शाळेतून आलो आणि मागच्या अंगणातून कुजबुज ऐकू आली, की चपला न वाजवता परत फिरायचं, हे मी शिकलो.

वर्षं गेली. मामांचं डोंगरात हिंडणं संपलं, तट्टू म्हातारं होऊन गेलं. संध्याकाळी आम्ही दोघं चालत भाटघरच्या धरणाकडे जात असू. एकदा कार्तिकातली संध्याकाळ होती. पाणी इतकं स्थिर होतं, की डोंगर वर कोणता आणि खाली कोणता हे क्षणभर कळू नये. मामा काठावरच्या दगडावर बसले. आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "तुम्ही कधी तुमच्या मामींबद्दल विचारलं नाहीत."

मी मामींना पाहिलं नव्हतं. आमच्या लग्नाच्या फार आधी त्या गेल्या होत्या, आणि घरात कोणी त्यांचं नाव काढीत नसे.

"लग्न झालं तेव्हा मी सव्वीस वर्षांचा, ती बावीस वर्षांची," मामा म्हणाले. "मी पुण्याहून नुकताच शिकून आलेला. गायीच्या पोटातलं सगळं मला पाठ. आणि पहिले दोन महिने मी भिंतीकडे तोंड करून पुस्तक वाचायचो, जावईबापू. खोलीत ती आली, की मी पान उलटायचो. वाचत नव्हतोच. ती काही बोलायची नाही. मग एके दिवशी, चांगली भर दुपार होती, दारात वाळवण घातलेलं, ती आली, माझ्या हातातलं पुस्तक काढून घेतलं, खूण म्हणून त्यात एक काडी घातली, ते कोनाड्यात ठेवलं, आणि माझा हात हातात घेऊन बसली. हसली नाही, लाजली नाही. नुसती बसली. भीती कुठं गेली ते मला कळलं नाही." त्यांनी काठावरची एक काडी उचलली. "पुढं तीन वर्षं आमची फार सुखाची गेली. मग मानमोडीच्या तापाची साथ आली, आणि ती गेली."

पाण्यावरून बगळ्यांची एक रांग गेली आणि तिच्या खालून दुसरी गेली.

"एवढ्या लोकांना विचारलं," मामा म्हणाले. "बुवांना विचारलं, न्हाव्याला विचारलं. ज्याला त्याला धरून विचारलं. तिला मात्र विचारायचं राहून गेलं हो. तेव्हा सुचलंच नाही. वाटायचं, आहे की ती घरात, कधीही विचारता येईल."

मामांनी चष्मा काढून उपरण्यानं पुसला, परत घातला, आणि अंधार पडून समोरचा डोंगर दिसेनासा होईपर्यंत आम्ही तिथंच बसून राहिलो.